पाळकसाहेब, हिशेब मंडळीपुढे ठेवा

महाराष्ट्रातल्या स्वतंत्र सुवार्तिक मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि विश्वस्त यांना,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

हे पत्र घरातल्याच माणसाचे आहे. माझा बाप्तिस्मा मिशनच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये झाला. लग्नानंतर मी शहरातल्या एका स्वतंत्र मंडळीत आले आणि आजही दर रविवारी तिथेच असते. शुभवर्तमानावर माझा विश्वास आहे, उपासप्रार्थनेवर आहे, आजाऱ्यांवर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेवरही आहे. व्यवसायाने मी हिशेबनीस. सार्वजनिक ट्रस्टांचे ताळेबंद तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. म्हणून सुरुवात पैशापासून करते, कारण तिथले मला कळते.

आता बहुतेक मंडळ्यांत व्यासपीठाच्या बाजूला क्यूआर कोडचा फलक असतो. अर्पणाचे गीत सुरू झाले की लोक फोन काढतात. स्कॅन केले की पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. ते मंडळीचे किंवा ट्रस्टचे असायला हवे. मी गेलेल्या अनेक ठिकाणी ते पाळकांचे स्वतःचे होते, एके ठिकाणी त्यांच्या पत्नीचे. विचारले की उत्तर ठरलेले: “ट्रस्टच्या खात्याचे काम चालू आहे, ताई, प्रार्थनेत ठेवा.” बँकेत ट्रस्टचे खाते उघडायला नोंदणी दाखला, ठराव आणि विश्वस्तांची कागदपत्रे लागतात. वर्षानुवर्षे लागावीत असे त्यात काही नाही.

यात नुसती शिस्त मोडते असे नाही. दशांश, म्हणजे देवासाठी दिलेला कमाईचा दहावा हिस्सा, एखाद्याच्या बचत खात्यात गेला की कागदोपत्री तो त्या माणसाचाच पैसा. आयकर खाते विचारेल ते त्यालाच विचारेल. उद्या त्या पाळकांना काही झाले, तर खात्यातल्या रकमेवर हक्क सांगायला त्यांचे वारस येतील आणि मंडळीच्या हाती एक चिठोराही नसेल. धुणीभांडी करणारी बाई महिन्याच्या पगारातून बाजूला काढून आणते तो हा पैसा आहे. तो कुठे जातो हे तिला कळलेच पाहिजे.

माझ्या लहानपणी उपासना संपली की वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीतल्या टेबलावर अर्पणाच्या थैल्या रिकाम्या होत. खजिनदार आणि दोन पंच बसत. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, उपकारस्तुतीची पाकिटे वेगळी. पाकिटावरचे नाव आणि आतली रक्कम जुळते का ते बघत. आकडा रजिस्टरात लिहून तिघे सह्या करत, आणि पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी तो आकडा मोठ्याने वाचला जाई. पाळकांचा हात त्या पैशाला लागतच नसे. त्या मंडळ्या निष्पाप होत्या असे मी म्हणत नाही. मिशनच्या जागाजमिनींवरून त्यांच्यात जे खटले झाले आणि अजून चालू आहेत, त्यांची कागदपत्रे मी पाहिली आहेत. पण तिथे निदान भांडायला एक रजिस्टर होते.

स्वतंत्र मंडळी काढली म्हणून कायद्यातून सुटका होत नाही. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे आणि अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा. विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यायचा. जागा विकायची तर आधी परवानगी घ्यायची. हे नियम मंडळीच्या बाजूचे आहेत, सभासदाचे रक्षण करणारे आहेत, आणि मला कळत नाही की आपण त्यांच्याकडे छळ म्हणून का बघतो. विश्वस्तांची यादी उघडून बघितली तर पाळक, त्यांच्या पत्नी, थोरला मुलगा, मेहुणा आणि सहीपुरता एखादा जुना मित्र अशी मंडळी दिसते. मग बैठक कुठे होते? जेवणाच्या टेबलावर. इतिवृत्त कोण लिहितो? बऱ्याचदा ऑडिटच्या आदल्या आठवड्यात ते एकदमच लिहिले जाते.

मलाखीच्या पुस्तकातले “सर्व दशांश भांडारात आणा” हे वचन तुमच्याइतके कोणालाच पाठ नसेल. त्याच पुस्तकाचा दुसरा अध्याय याजकांना झापतो, आणि दशांशाच्या वचनाच्या थोडे आधी, त्याच तिसऱ्या अध्यायात, मजुराची मजुरी बुडवणाऱ्याला आणि विधवेला व अनाथाला छळणाऱ्याला देव स्वतः साक्षीदार होऊन धरणार आहे. तो भाग मी अर्पणाच्या वेळी कधी ऐकला नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायला सांगितला आहे, तो लेव्याबरोबर (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाबरोबर) परक्याने, अनाथाने आणि विधवेने पोटभर खावा म्हणून. आपल्या मंडळीतल्या विधवांना वर्षाला किती रुपये गेले, हा आकडा तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आणि प्रेषित पौल! यरुशलेममधल्या गरिबांसाठी त्याने मोठी वर्गणी गोळा केली. ती एकट्याने नेली असती तर त्याच्यावर संशय घेणारा कोण होता? तरी त्याने तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडून दिलेला. कारणही त्याने लिहून ठेवले आहे: या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी आम्हांला दोष लावू नये, आणि प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य तेच आम्ही करावे. २ करिंथकर, अध्याय ८. “मी फक्त देवाला जबाबदार आहे” असे प्रेषितही म्हणाला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पैशाबद्दल असो, मुलीबद्दल असो, चुकीच्या भविष्यवाणीबद्दल असो, प्रश्न विचारला की एकच वचन समोर ठेवले जाते: “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.” अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेला. हे वचन मी सभेत ऐकले आहे, फोनवर ऐकले आहे, रडत घरी आलेल्या एका तरुण मुलीच्या तोंडून ऐकले आहे. तिने तरुण संघाच्या पुढाऱ्याची तक्रार केली तेव्हा तिला हेच उत्तर मिळाले होते. त्या मंडळीचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ती मुलगी अजून त्याच गावात राहते.

ते वचन स्तोत्र १०५ मधले आहे. मागचेपुढचे वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर माणसांनिशी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकत होते, त्यांना ना जमीन होती ना सैन्य. त्यांच्या वतीने देव राजांना बजावतो की यांना हात लावू नका. दुबळ्याला बलवानापासून वाचवणारे ते वचन आहे. आपण त्याच्या आडोशाला व्यासपीठावरच्या माणसाला बसवले आणि दुबळ्याला बाहेर उभे केले. अभिषिक्ताचा हिशेब कसा होतो हे बघायचे असेल तर १ शमुवेल १२ उघडा. केस पिकलेला संदेष्टा शमुवेल सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला ठकवले, कोणाकडून लाच घेतली? माझ्याविरुद्ध साक्ष द्या, मी परत करतो. ज्याने राजांना अभिषेक केला तो माणूस हे म्हणतो आहे. हे त्याला कोणी विचारलेही नव्हते.

प्रश्न विचारायचीच मनाई असली की पुढे काय होते, ते अमेरिकेतल्या मंडळ्यांनी दाखवून दिले आहे, आणि आपली गीते, पुस्तके, सभेची पद्धत बरीचशी तिथूनच येत असल्यामुळे ते आपण नीट बघायला हवे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही तिथली सगळ्यात मोठी प्रॉटेस्टंट संघटना. अत्याचार सोसलेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे मागत होत्या की दोषी पाळकांची एक यादी ठेवा, म्हणजे एका मंडळीतून काढलेला माणूस दुसरीत जाऊन बसणार नाही. २००८ मध्ये त्यांना नकार मिळाला. आमची प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, वरून काही लादता येत नाही, असे कारण दिले गेले. २०१९ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल आणि सॅन अँटोनिओ एक्सप्रेस-न्यूज या दोन वर्तमानपत्रांनी शोध घेतला तेव्हा वीस वर्षांत सुमारे ३८० पुढारी आणि स्वयंसेवकांवर आरोप आणि ७०० हून अधिक पीडित समोर आले. मग २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला आणि त्यातून कळले की मुख्य कार्यालयात अशी यादी गुपचूप ठेवलेली होती. तिच्यात ७०० हून जास्त नावे होती. यादी होती, आणि ती मंडळ्यांना दाखवली नव्हती.

दुसरे नाव आपल्या जवळचे आहे. रवी झकरायस. १९४६ साली मद्रासमध्ये जन्मलेला, जगभर विद्यापीठांतून ख्रिस्ताची बाजू मांडणारा वक्ता. आपल्या कितीतरी तरुणांनी त्यांची भाषणे ऐकून शंका फेडून घेतल्या. २०१७ मध्ये एका स्त्रीने त्यांच्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या स्वतःच्या संस्थेने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, तिच्यावर ठेवला नाही. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन बाहेर आले आणि संचालक मंडळाला जाहीर माफी मागावी लागली. मंडळावरची माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. ती भारावलेली होती, आणि भारावलेल्या माणसांच्या हाती देखरेख दिली की असेच होते.

याउलट अमेरिकेतले सुवार्तिक बिली ग्रॅहॅम. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी ते आणि त्यांचे तीन सहकारी बसले. फिरत्या सुवार्तिकांच्या हातून काय काय चुका होतात ते त्यांनी आठवून आठवून मांडले आणि आपापसात ठरवले: सभेत भावना चाळवून पैसे उकळायचे नाहीत, परस्त्रीबरोबर एकांतात राहायचे नाही, स्थानिक मंडळ्यांची निंदा करायची नाही, आणि हजेरीचे आकडे फुगवायचे नाहीत. शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा, कारण आपल्या संजीवन सभांचे, म्हणजे विश्वास जागवण्याच्या मोठ्या सभांचे आकडे मैदानाच्या क्षमतेपेक्षा मोठे असतात. ग्रॅहॅम तेव्हा तिशीच्या आसपासचे, घोटाळा एकही झालेला नव्हता. आधीच ठरवले, म्हणून नंतर निभावले.

आपल्याला मात्र इतके लांब जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाईंचे नाव तुमच्या प्रत्येक संजीवन सभेत निघते. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींवर पवित्र आत्मा कसा उतरला, हे मी किती वेळा ऐकले असेल! ऐकताना अंगावर काटा येतो, आजही येतो. पण १९०५ च्या रमाबाई १८८५ च्या रमाबाईंतूनच आल्या. बाप्तिस्म्याला दोनच वर्षे झाली होती, इंग्लंडमध्ये त्या ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना पाळकवर्गाचे मुकाट ऐकायला सांगितले, तेव्हा रमाबाईंनी लिहिले की मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे; पाळक जे जे सांगतील ते देवाची आज्ञा समजून तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर, पदरात लहान मुलगी असताना लिहिलेले हे पत्र आहे. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्यांनी सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी ख्रिस्ती नसलेली माणसे घेतली. ती माणसे पटेनासे झाल्यावर १८९३ मध्ये उघडपणे बाहेर पडली, वर्तमानपत्रांतून वादळ उठले. रमाबाई खचल्या नाहीत. काम वाढतच गेले. मुक्तीचा आत्मा हवा असेल, तर हे धैर्यही त्याच बाईकडून घ्या.

आरोग्याविषयी थोडक्यात लिहिते, पण ते मला सगळ्यात जास्त टोचते. साक्षीच्या वेळी एखादी बहीण सांगते की प्रार्थना झाल्यापासून मी इन्शुलिन बंद केले, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणते. माझ्या नात्यातल्या एका बाईने अशीच साक्ष दिली. पुढे तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, पायाची बोटे काढावी लागली. त्यानंतर तिला कोणी व्यासपीठावर बोलावले नाही आणि कोणी तिच्या घरी गेले नाही. तिचा विश्वास कमी पडला, असे मात्र तिच्या कानावर घातले गेले. याच विश्वासाने १८९४ साली मिरजेत डॉ. वानलेस यांनी दवाखाना काढला. याच विश्वासाने १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले आणि गावातल्या अल्पशिक्षित बायांना आरोग्यसेविका बनवले. ही आपली परंपरा आहे. व्यासपीठावरून “गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका” एवढे एक वाक्य दर प्रार्थनेनंतर म्हणायला काय लागते? आणि दुर्धर रोग बरा करण्याच्या जाहिराती पोस्टरवर छापणाऱ्यांनी १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा एकदा वाचावा.

मला ठाऊक आहे, तुमच्यातले अनेक जण इथपर्यंत वाचून म्हणतील: ताई, वेळ कसली आणि तुम्ही लिहिता काय? घरगुती प्रार्थनासभांवर माणसे चालून येतात. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात अशा राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये आणखी कडक झाला. अशा वेळी आपली लक्तरे चव्हाट्यावर मांडायची?

ही भीती खोटी नाही. पोलीस ठाण्याबाहेर रात्र काढलेल्या पाळकांना मी ओळखते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती गावाकडची गरीब माणसे होती. वर्षाला एक शर्ट घेणारी, सायकलवरून तीन वाड्यांत उपासना घेणारी. मोठ्या शहरातल्या मोठ्या मिनिस्ट्रीचा हिशेब विस्कटलेला निघतो तेव्हा संशय त्यांच्यावर येतो, तोंड त्यांना द्यावे लागते. दडवून ठेवलेले एक ना एक दिवस बाहेर येतेच. ते आपण स्वतः मांडले तर निदान खऱ्या आकड्यांनिशी मांडता येईल. शिवाय अमेरिकेतली ती मंडळीसुद्धा हेच म्हणत होती की सुवार्तेचे नाव खराब होईल. नाव कशाने खराब झाले ते वर लिहिलेच आहे.

मुलांच्या बाबतीत तर वाट बघायला जागाच नाही. संडेस्कूलमध्ये, शिबिरात, वसतिगृहात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. वडीलजनांनी एकत्र बसून, प्रार्थना करून, क्षमा मागायला लावून ते आपापसांत मिटवले, तर न कळवणारे स्वतः गुन्हेगार ठरतात. क्षमा करायची की नाही हे ज्याच्यावर बेतले त्याने ठरवायचे; तक्रार दाबणाऱ्याला तो अधिकार नाही. स्त्रियांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी, आणि बिनपगारी स्वयंसेवकही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे गायनवृंदातली मुलगीही येते. दहापेक्षा कमी असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता सूचनाफलकावर लावा.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. उपवासाच्या प्रार्थनेला कोण येते, आजाऱ्याच्या घरी डबा कोण नेते, नाताळच्या आधी चर्च कोण धुऊन काढते, हे तुम्हांला माहीत आहे. विश्वस्त मंडळावर त्यांतल्या किती आहेत? पाळकांच्या पत्नी सोडून मोजा.

मी काही नवा पंथ काढा म्हणत नाही, उपासनेची पद्धत बदला म्हणत नाही, तुमचा उपदेशही कमी करू नका. मंडळीचे खाते मंडळीच्या नावावर असू द्या आणि त्यावर पाळकांच्या घरातली एकही सही नसू द्या. पाळकांचा पगार सभेने ठरवावा आणि तो चांगला ठरवावा, कारण उपाशी पाळक ठेवणारी मंडळीही तितकीच दोषी आहे. गावाकडच्या पाळकांना शहरातल्या मंडळ्यांनी हिस्सा द्यावा. विश्वस्तांत निम्मे लोक नात्याबाहेरचे, ठरावीक मुदतीचे असू द्या. पाळकांविरुद्धची तक्रार ऐकायला दुसऱ्या मंडळीतले तीन वडील असू द्या, त्यात एक तरी स्त्री. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात वडिलांवरचा आरोप दोनतीन साक्षीदारांनिशी ऐकायला सांगितला आहे आणि पाप केलेल्यांना सर्वांदेखत दोष द्यायलाही सांगितले आहे. आपण पहिले वाक्य पाठ केले, दुसरे सोडून दिले.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपेल. त्यानंतरच्या वार्षिक सभेला मी माझ्या मंडळीत हजर राहणार आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाने आपापल्या मंडळीत हजर राहावे अशी माझी विनंती आहे. सभा होतच नसेल तर ती लेखी मागा. माझे प्रश्न आताच कळवते, म्हणजे कागद काढून ठेवायला वेळ मिळेल. क्यूआर कोडचे खाते कोणाच्या नावावर आहे? मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे कोणत्या तारखांना दिले? विधवा, अनाथ आणि आजारी सभासद यांच्यावर किती खर्च झाला? आणि आजपर्यंत पाळकांविरुद्ध किंवा पुढाऱ्यांविरुद्ध आलेल्या तक्रारींची नोंद कुठल्या वहीत आहे, ती वही कोणाकडे असते?

प्रभूमध्ये आपली,
मंडळीतली एक सभासद